दाराची किल्ली आणि विजेचा खटका

घर असो, धान्याचे कोठार असो वा सरकारी कचेरी असो, कोणत्याही वास्तूच्या रक्षणाचा विचार दारापासून सुरू होतो. कडी, कोयंडा, अडसर, आगळ आणि कुलूप ही साधने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. दार उघडण्याचे काम माणसाचा हात करतो. गेल्या काही दशकांत या जुन्या व्यवस्थेत एक नवा दुवा आला. किल्ली आता पुष्कळ ठिकाणी कुलपाची जीभ सरकवीत नाही. ती केवळ विजेचा एक खटका फिरविते आणि पुढचे काम वीज करते. शाळेची संगणक खोली, प्राथमिक आरोग्य केंद्राचे औषधभांडार, तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष, बाजार समितीच्या गोदामाचे मोटारीवर चालणारे शटर, अशा अनेक ठिकाणी हा किल्लीचा खटका आढळतो.

या साधनाची खरेदी करताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात: किंमत आणि चोरीपासून होणारा बचाव. वीज गेली, किल्ली हरवली किंवा आग लागली तर हे दार कसे वागेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तरावर मालमत्तेचीच नव्हे, तर माणसांच्या जीविताचीही सुरक्षितता अवलंबून असते. आत कोणी यावे हे किल्लीने ठरवावे; आत असलेल्या माणसाला बाहेर पडण्यासाठी मात्र किल्लीची गरज पडता कामा नये. हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवून या खटक्याची रचना आणि त्याचा योग्य वापर समजून घेणे उपयुक्त ठरेल.

खटक्याची रचना

किल्लीच्या खटक्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग म्हणजे कुलूप आणि मागचा भाग म्हणजे विजेचा खटका. कुलपाच्या भागात एक फिरणारा गाभा असतो. चांगल्या प्रतीच्या खटक्यात या गाभ्याला बहुधा ५ किंवा ६ पिना असतात. प्रत्येक पीन दोन तुकड्यांची असते आणि स्प्रिंगमुळे ती गाभ्याला अडवून धरते. योग्य किल्ली घातली की तिच्या दात्यांमुळे सर्व पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि गाभा फिरू शकतो. लाकडी पिनांचे कुलूप प्राचीन इजिप्तमध्येही वापरात होते. त्याच तत्त्वावर अमेरिकेतील लायनस येल या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आजचे धातूचे कुलूप सिद्ध केले. आपल्या राज्यापुरते सांगावयाचे तर अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचे उत्पादन सुरू केले आणि देशी कुलपांच्या उद्योगाला चालना दिली.

गाभ्याच्या मागील टोकाला एक छोटा उंचवटा असतो. गाभा फिरला की हा उंचवटा खटक्यातील पट्टी दाबतो आणि विजेचा मार्ग जुळतो किंवा तुटतो. काही खटक्यांत एरवी तुटलेला मार्ग किल्लीने जुळतो, तर काहींत एरवी जुळलेला मार्ग किल्लीने तुटतो. या दोहोंपैकी कोणता प्रकार घ्यावयाचा हे दारावर बसविलेल्या कुलपावरून ठरते.

येथे एका गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. यंत्रांच्या नियंत्रणफळ्यांसाठी जे किल्लीचे खटके बाजारात मिळतात, त्यांपैकी अनेकांना उत्पादक एकाच क्रमांकाची किल्ली देतात. कारखान्यात कोणत्याही कामगाराने अनवधानाने यंत्र सुरू करू नये, एवढाच तेथे हेतू असतो आणि त्यासाठी तो खटका पुरेसा असतो. तोच खटका औषधभांडाराच्या दारावर बसविला, तर त्याच क्रमांकाची किल्ली बाळगणाऱ्या कोणालाही ते दार उघडता येईल. एका कुलपाला ५ पिना आहेत आणि प्रत्येक पिनेच्या उंचीच्या ६ पायऱ्या आहेत असे मानले, तर हिशेबाने ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होऊ शकतात. परंतु एकाच क्रमांकाचे खटके घेतले, तर या विविधतेचा काहीही लाभ होत नाही. दारासाठी खटका घेताना प्रत्येक नगाची किल्ली वेगळी असल्याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

क्षणिक आणि स्थिर खटके

वापराच्या दृष्टीने खटक्यांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात किल्ली फिरवून सोडली की गाभा स्प्रिंगमुळे मूळ जागी परत येतो. याला क्षणिक खटका म्हणता येईल. त्याला कालमापक जोडला, तर किल्ली फिरविल्यानंतर ठरावीक सेकंदांपुरते दार मोकळे होते आणि पुन्हा आपोआप बंद होते. ज्या खोलीत अधूनमधूनच जावयाचे असते, तिच्यासाठी हा प्रकार योग्य होय.

दुसऱ्या प्रकारात किल्ली जेथे ठेवाल तेथेच खटका राहतो. कामकाजाच्या वेळेत दार मोकळे ठेवावयाचे असेल, तर हा स्थिर खटका सोयीचा असतो. परंतु त्यात एक धोका आहे. "उघडे" या स्थितीत किल्ली काढून घेता येत असेल, तर सायंकाळी कर्मचारी किल्ली खिशात टाकून घरी जातो आणि दार रात्रभर मोकळे राहते. किल्ली केवळ "बंद" स्थितीतच निघेल अशी रचना असलेला खटका घेतल्यास ही चूक टळते, कारण किल्ली हाती येण्यासाठी दार बंद करावेच लागते. मागणीपत्रात "किल्ली कोणत्या स्थितीत निघावी" हे स्पष्ट लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

वीज गेल्यावर दाराचे काय होते?

खटका स्वतः दार धरून ठेवीत नाही. ते काम विद्युत कुलूप करते आणि त्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार चुंबकी कुलपाचा. चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी असते. वीज चालू असेपर्यंत चुंबक पट्टीला घट्ट धरून ठेवतो. बाजारात सामान्यतः मिळणारे चुंबकी कुलूप सुमारे २७० किलोग्रॅमपर्यंतचा ओढा सहन करते आणि १२ व्होल्टवर सुमारे अर्धा अँपियर प्रवाह घेते. वीज गेली की चुंबकाची शक्ती जाते आणि दार मोकळे होते. आत अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने हे हिताचे आहे. भांडारातील मालाच्या दृष्टीने नाही.

दुसरा प्रकार विद्युत खाचेचा. यात दाराची जीभ चौकटीतील एका खाचेत अडकते आणि वीज दिली की खाचेचा एक बाजूचा ओठ सैल होतो. नेहमीच्या रचनेत वीज गेली तरी हे दार बाहेरून बंदच राहते. आतील बाजूस साधी मूठ बसविलेली असेल, तर ती फिरवून जीभ मागे घेता येते आणि विजेशिवायही बाहेर पडता येते. ज्या गावांत वीजपुरवठा वारंवार खंडित होतो, तेथील औषधभांडाराला किंवा अभिलेख कक्षाला हा प्रकार अधिक सोयीचा ठरतो. मात्र आतली मूठ हा त्याचा अविभाज्य भाग आहे, हे विसरता कामा नये.

चुंबकी कुलूप बसविलेच, तर त्याला बॅटरीची जोड द्यावी लागते. ७ अँपियर-तास क्षमतेच्या बॅटरीवर अर्धा अँपियर घेणारे कुलूप हिशेबाने १४ तास चालावे. प्रत्यक्षात बॅटरीच्या वयोमानाप्रमाणे हा काळ बराच कमी होतो. शुक्रवारी सायंकाळी गेलेली वीज सोमवारी सकाळी आली, तर दरम्यान ते दार केवळ लोटून उघडण्याजोगे राहिलेले असते. त्यामुळे सुट्ट्यांच्या काळासाठी अशा दाराला बाहेरून साध्या कुलपाची सोय ठेवावी आणि ते लावण्यापूर्वी आत कोणीही नाही याची खात्री करून घेण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर सोपवावी.

तारांची जोडणी

किल्लीच्या खटक्यातून दाराच्या मोटारीचा किंवा २३० व्होल्टचा मुख्य प्रवाह नेऊ नये. खटक्यातून १२ किंवा २४ व्होल्टचा किरकोळ प्रवाह न्यावा, त्याने आतल्या बाजूस ठेवलेला रिले चालवावा आणि मोठ्या प्रवाहाचे काम रिलेवर सोपवावे. यामुळे बाहेरच्या, पावसात भिजणाऱ्या पेटीत धोकादायक दाब राहत नाही आणि खटक्याचे संपर्कही जळत नाहीत.

तारेच्या जाडीचा हिशेबही करावा लागतो. कुलूप ५० मीटर अंतरावर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून १०० मीटर तार लागते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारे साडेतीन ते चार ओहम भरतो. अर्धा अँपियर प्रवाहाला त्यात पावणेदोन ते दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि १२ व्होल्टच्या कुलपाला जेमतेम १० व्होल्ट मिळतात. चुंबकाची पकड त्यामुळे ढिली होते. अशा दारातील दोष पुष्कळदा कुलपात नसून तारेत असतो. तसेच एकदिश प्रवाहावरील कुलपाच्या वेटोळ्याला उलट्या दिशेने एक डायोड जोडावा. तो नसल्यास प्रत्येक वेळी प्रवाह तुटताना उसळणारा दाब संपर्कावर ठिणगी पाडतो आणि काही महिन्यांतच खटका निकामी होऊ शकतो.

दुहेरी कुलपाचे तत्त्व

कोषागाराच्या भक्कम खोलीला दुहेरी कुलूप असते आणि त्याच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या जबाबदार व्यक्तींकडे असतात, हे अधिकारीवर्गास ठाऊकच आहे. मतदान यंत्रे ठेवलेल्या सुरक्षा कक्षालाही हीच पद्धत लागू केली जाते. कोणा एकाच्या इच्छेने दार उघडू नये, हा तिचा हेतू. विजेच्या जोडणीत हे तत्त्व सहज साधता येते. एका खटक्यातून निघालेली तार दुसऱ्या खटक्यातून पुढे नेली, तर दोन्ही किल्ल्या एकाच वेळी फिरविल्याशिवाय रिले चालत नाही. दोन खटके एकमेकांपासून एका हाताच्या टप्प्याबाहेर बसविले, तर एकाच माणसाला दोन्ही फिरविता येत नाहीत.

याउलट दोन खटके शेजारी शेजारी समांतर जोडले, तर कोणत्याही एका किल्लीने दार उघडते. मुख्याध्यापक आणि प्रयोगशाळा सहायक या दोघांनाही स्वतंत्रपणे प्रवेश द्यावयाचा असेल, तर ही जोडणी उपयोगी पडते. कोणती जोडणी हवी हा तंत्राचा प्रश्न नसून प्रशासनाचा आहे. तो निर्णय कार्यालयप्रमुखाने घ्यावा आणि तंत्रज्ञाने त्याप्रमाणे काम करावे.

मोटारीचे शटर

गोदामे आणि अग्निशामक बंब ठेवण्याच्या जागा येथे मोटारीवरील शटरे वाढत्या प्रमाणात दिसतात. त्यांचा खटका तीन स्थितींचा असतो: वर, मध्यभागी थांबा आणि खाली. किल्ली सोडताच खटका मध्यावर येऊन शटर थांबेल, अशीच रचना येथे निवडावी. शटर खाली येत असताना त्याखाली मूल किंवा जनावर आले, तर हात सोडताच ते थांबले पाहिजे. याच कारणास्तव खटका शटर पूर्णपणे नजरेच्या टप्प्यात राहील अशा ठिकाणी बसवावा. वीज नसताना शटर उचलण्यासाठी हातसाखळी किंवा हँडल लागते. ते कोठे आहे आणि कसे चालवावे हे एकाहून अधिक कर्मचाऱ्यांना येत असले पाहिजे. ज्या गोदामात माणसे काम करतात, तेथे शटर हाच बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग असू नये; शेजारी साधे दार असावे.

पेटीतील चोरवाट आणि पावसाळा

बाहेरील भिंतीवर बसविलेल्या खटक्याची एक उणीव सहसा ध्यानात येत नाही. कुलूप कितीही उत्तम असले तरी त्याच्या मागे केवळ दोन तारा असतात. पेटीचे स्क्रू काढून त्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, तर किल्लीविनाच दार उघडते. यावर तीन उपाय आहेत. पेटी भिंतीत बसवून तिचे स्क्रू आतल्या बाजूने किंवा विशेष अवजाराशिवाय निघणार नाहीत असे घ्यावेत. झाकण उघडताच इशाऱ्याची घंटा वाजविणारा छोटा संपर्क पेटीत बसवावा. आणि रिले तसेच नियंत्रणाची सर्व यंत्रणा दाराच्या आतील बाजूसच ठेवावी.

कोकणात वर्षाकाठी २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. मराठवाडा आणि विदर्भ येथे उन्हाळ्यातील धूळ हा प्रश्न असतो. पेटीच्या संरक्षणाचा दर्जा "आयपी" या संज्ञेनंतरच्या दोन अंकांनी दर्शवितात. पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. आयपी ५४ ही पेटी शिंतोड्यांपासून बचाव करते. आयपी ६५ या पेटीत धूळ शिरत नाही आणि ती पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद देत नाही. उघड्या भिंतीवर दुसरा प्रकार घ्यावा आणि किल्लीच्या भोकावर झाकण असावे. कुलपात तेल ओतण्याची सवय मात्र टाळावी. तेलाला धूळ चिकटते आणि पिना अडकतात. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी हा त्यावर चांगला पर्याय आहे.

किल्ल्यांची नोंदवही

किल्लीच्या खटक्याला आठवण नसते. दार कोणी आणि केव्हा उघडले, याची नोंद तो ठेवीत नाही. कार्ड किंवा बोटाच्या ठशावर चालणारी यंत्रणा ही नोंद ठेवू शकते. परंतु ती महाग असते आणि तिला नियमित देखभाल लागते. साध्या कार्यालयात ही उणीव नोंदवहीने भरून काढता येते. एकूण किल्ल्या किती, प्रत्येकीवरील क्रमांक काय, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि बदलीच्या वेळी ती कोणी कोणाला दिली, हे चार रकाने पुरेसे आहेत. जादा किल्ली मोहोरबंद पाकिटात वरिष्ठ कार्यालयाकडे ठेवावी. किल्ली हरवल्यास केवळ दुसरी किल्ली करून घेणे हा उपाय नव्हे, कारण हरवलेली किल्ली कोणाच्या हाती पडली हे कळत नाही. अशा वेळी कुलपाचा गाभा बदलणे आवश्यक ठरते. गाभा वेगळा काढता येईल असा खटका घेतला असेल, तर हे काम थोड्या खर्चात होते.

बाहेर पडण्याची वाट

बंद दारांनी किती मोठी हानी होते, याचे दाखले इतिहासात आहेत. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्यास आग लागली. नवव्या मजल्यावरून जिन्याकडे जाणारे एक दार कुलूपबंद होते. या दुर्घटनेत १४६ कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील रोहित्राला आग लागली आणि धूर बाल्कनीत शिरला. बाल्कनीतील बाहेर पडण्याचा एक मार्ग वाढीव आसनांमुळे बंद झालेला होता. तेथे ५९ जणांचा बळी गेला. या दोन्ही ठिकाणी किल्लीचे विद्युत खटके नव्हते. परंतु दार बंद ठेवताना आतल्या माणसांचा विचार झाला नाही, हा दोष तोच होता. विजेच्या कुलपाने हा दोष दूर होत नाही. काळजी न घेतल्यास तो अधिक दडून राहतो.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधील अग्नी व जीवसुरक्षेच्या भागानुसार, बाहेर पडण्याचे दार आतील लोकांना किल्लीविना उघडता आले पाहिजे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अशा उपाययोजना सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक अथवा भोगवटादार यांच्यावर आहे. विद्युत कुलपाच्या बाबतीत या तत्त्वाचे पालन तीन प्रकारे करावे. दाराच्या आतील बाजूस साधी मूठ किंवा बाहेर पडण्याचे बटण असावे. चुंबकी कुलूप असल्यास काच फोडून किंवा पट्टी दाबून वापरावयाचा आपत्कालीन खटका थेट कुलपाच्या वीजमार्गातच जोडावा, म्हणजे नियंत्रणयंत्रणा बिघडली तरी प्रवाह तुटतो आणि दार सुटते. तसेच इमारतीत आगीचा इशारा देणारी यंत्रणा असेल, तर इशारा होताच कुलपांचा वीजपुरवठा आपोआप बंद होईल अशी जोडणी असावी. या कोणत्याही मार्गात किल्लीचा खटका येऊ देऊ नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

ग्रामपंचायत, शाळा किंवा कार्यालय यांनी असे साधन मंजूर करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत.

१. वीज गेल्यावर दार उघडे राहील की बंद, आणि त्या खोलीसाठी ते योग्य आहे काय?

२. अंधारात, धुरात आणि विजेविना, आतील लहान मुलालाही दार उघडता येईल काय?

३. खटका क्षणिक आहे की स्थिर, आणि किल्ली कोणत्या स्थितीत निघते?

४. हीच किल्ली अन्य खटक्यांनाही लागते काय?

५. बाहेरील पेटी उघडून तारा जोडल्यास दार उघडते काय?

६. किल्ली हरवल्यास केवळ गाभा बदलता येईल काय?

७. जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून होणार आहे काय, आणि तारांचा आराखडा कार्यालयात राहणार आहे काय?

काम पूर्ण झाल्यावर देयक मंजूर करण्यापूर्वी एक सोपी चाचणी घ्यावी. मुख्य खटका बंद करून इमारतीची वीज तोडावी, बॅटरीचीही तार काढावी आणि एखाद्या कर्मचाऱ्यास खोलीच्या आतून दार उघडण्यास सांगावे. बाहेर दुसरा माणूस उभा असावा आणि खोलीला पर्यायी वाट असल्याची खात्री आधी करून घ्यावी. कोणाच्याही मदतीविना आणि किल्लीविना तो कर्मचारी बाहेर आला, तरच काम पुरे झाले असे समजावे. ही चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी आणि तिची तारीख किल्ल्यांच्या नोंदवहीतच लिहावी.

या चाचणीला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि तिला खर्चही येत नाही. शाळेतील दाराची चाचणी विद्यार्थ्यांसमोर घेतली, तर संकटाच्या वेळी कोणते बटण दाबावे आणि कोणती मूठ फिरवावी, हे मुलांनाही ठाऊक होईल. खोलीतील संगणकाचे आणि औषधांचे रक्षण किल्ली करील. खोलीतील माणसांची सुटका मात्र त्या दाराच्या आतल्या मुठीवर अवलंबून राहील.